विचारा तर खरं : पाइपातली डीसी आणि चिकटून बसलेला भार

मागच्या अंकात मी धातूच्या पाइपात गॅस भरून त्यातून उच्च व्होल्टेजची वीज नेतात, याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्या चार ओळींवर टपालात एवढी पत्रं आली की या वेळी दुसरा विषयच घेता आला नाही. आधी एक खुलासा. व्होल्टेजला मराठीत विद्युतदाब म्हणतात आणि गॅसलाही दाबच असतो. एका उत्तरात दोन दाब आले की वाचणाऱ्याचं सोडा, माझाच गोंधळ उडतो. म्हणून इथं व्होल्टेज ते व्होल्टेज, आणि दाब म्हटलं की तो गॅसचा. आणि एसी म्हणजे दिशा पालटत राहणारी वीज, डीसी म्हणजे एकाच दिशेची.

प्रश्न : मी वसमतला शिक्षक आहे. औंढा नागनाथजवळ 'लायगो'चा, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचा, चार-चार किलोमीटरचा पाइप होणार आहे. तुम्ही लिहिलं तो पाइप हाच का? मुलं विचारतात.

उत्तर : नाही सर, पण मुलांनी विचारलं हे फार आवडलं. लायगोच्या दोन्ही पाइपांतून लेझरचा प्रकाश जातो आणि त्यासाठी आतली हवा काढून टाकतात, इतकी की बाहेरच्या दाबाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास उरते. माझ्या पाइपात उलट गॅस दाबून भरतात आणि मधून वीज जाते. एक रिकामा, एक ठासून भरलेला. साम्य एकच : दोन्हीकडे धूळ हा वैरी. आणि आपल्याकडं मे महिन्यात धूळ किती असते ते वसमतच्या माणसाला मी सांगायला नको.

प्रश्न : ताई, मी नांदेडला इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. ४२० केव्ही (किलोव्होल्ट) एसीच्या गॅस-इन्सुलेटेड लाइनमध्ये, म्हणजे जीआयएलमध्ये, कंडक्टर आणि बाहेरचं आवरण यांच्यात शिखराला ३४३ केव्ही येतात. मग तोच पाइप ३२० केव्ही डीसीला जसाच्या तसा का चालत नाही? व्होल्टेज तर कमीच आहे. सरांना विचारलं तर 'चार्ज अॅक्युम्युलेशन' म्हणाले आणि पुढच्या टॉपिकला गेले.

उत्तर : सर चुकले नाहीत, त्यांना सिलॅबस संपवायचा असेल. तुझं गणितही चोख आहे : ४२० ला तीनच्या वर्गमुळानं भागायचं, दोनच्या वर्गमुळानं गुणायचं.

आधी गॅसपुरतं बघू. समजा आतली नळी १८ सेंटिमीटर व्यासाची आणि आवरण ५० सेंटिमीटरचं. ३२० केव्ही दिले तर नळीच्या पृष्ठभागाशी दर सेंटिमीटरला साधारण ३५ केव्हीचं विद्युतक्षेत्र, म्हणजे विजेचा ताण, येतं, आवरणाशी साडेबाराच्या आसपास. साधी हवा तिसाच्या पुढं फुटते. पाइपात भरतात तो एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) गॅस तितक्याच दाबाला हवेच्या अडीच-तीन पट सोसतो, आणि इथं तर तो कित्येक पट दाबून भरलेला. गॅसच्या पेपरात तुझा पाइप पास.

नापास होतो तो आधार. नळी अधांतरी राहत नाही, ठरावीक अंतरावर ती धरून ठेवायला इपॉक्सीचे, म्हणजे कडक कृत्रिम राळेचे, स्पेसर बसवावे लागतात. काही तबकडीसारखे, काही शंकूसारखे, रंगानं विटकरी किंवा पांढुरके. एसीमध्ये या स्पेसरमध्ये क्षेत्र कसं वाटलं जाईल हे त्याच्या परमिटिव्हिटीवर, म्हणजे क्षेत्रात भार धरून ठेवण्याच्या क्षमतेवर, ठरतं. ती पक्की असते, सकाळ-संध्याकाळ बदलत नाही. डीसीमध्ये पहिल्या क्षणी वाटणी तशीच होते, आणि मग हळूहळू बदलायला लागते.

आपल्या रानातलं सांगते. कालव्याचं पाणी सोडलं की त्या दिवशी ते खोलगट भागात साचतं. रानाचा उतार बघून कोणीही सांगेल कुठं किती. आठ दिवसांनी जाऊन बघ. मुरमाड तुकड्यातलं पाणी मुरून गेलेलं असतं आणि काळ्या चिबड तुकड्यात तसंच उभं. आता हिशेब उताराचा राहिला नाही, मुरण्याचा झाला. डीसीतही तेच. परमिटिव्हिटीचा हिशेब मागं पडतो आणि कंडक्टिव्हिटीचा, म्हणजे कशातून किती झिरपतं याचा, सुरू होतो. जिथं झिरपून येणारा विद्युतभार (चार्ज) जास्त आणि पुढं जाणारा कमी, तिथं तो साचतो. स्पेसर आणि गॅस यांची हद्द ही तशी जागा. तुझ्या सरांचे दोन शब्द ते हेच.

यातली खरी मेख वेळेची आहे, आणि कॉलेजात ती कोणी सांगत नाही. परमिटिव्हिटीला कंडक्टिव्हिटीनं भाग. भरीव इपॉक्सीची सापेक्ष परमिटिव्हिटी ५ धर, कंडक्टिव्हिटी मीटरला १० चा उणे सोळावा घात सीमेन्स. उत्तर येतं ४ लाख ४० हजार सेकंद. पाच दिवस! आणि हा फक्त एक टाइम कॉन्स्टंट. बदल पुरता व्हायला त्याच्या दोन-तीन पट लागतात. कंडक्टिव्हिटी दहा पट कमी निघाली तर पाचाचे पन्नास दिवस. एसीत दर सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटते, भाराला कुठं बसायला उसंतच नाही. डीसीत त्याला पंधरवडा आहे, महिना आहे.

मी एकतीस वर्षं चाचणी विभागात काढली. आमच्या हाताला सवय एक मिनिटाची : व्होल्टेज चढवा, साठ सेकंद धरा, उतरवा, सही करा. एसीला ते ठीकच आहे. डीसीचा स्पेसर एका मिनिटात पास झाला तर तो पहिल्या दिवसापुरता पास झाला, एवढाच त्याचा अर्थ. एकविसाव्या दिवशी तो कसा असेल ते त्या कागदावर नसतं. म्हणून डीसीची गॅस उपकरणं तपासताना व्होल्टेज दिवसेंदिवस धरून ठेवतात, तेही कंडक्टर तापवून, आणि क्षेत्राची वाटणी बदलून स्थिरावली की त्याच्यावर विजेच्या लोळासारखा झटका देतात. साइटवरच्या साहेबाला हे पटवताना माझा घसा बसलेला आहे. त्याला तारीख दिसत असते.

कंडक्टर तापवून का? इपॉक्सीची कंडक्टिव्हिटी उष्णतेनं भलतीच वाढते. तीस अंशांवरून सत्तरवर गेली तर काही डझनपट, कधी शंभराच्या घरात. लाइनवर लोड आला की नळी तापते, तिच्याजवळचा स्पेसरचा भाग जास्त झिरपू लागतो आणि तिथला ताण सुटतो. तो ताण जातो कुठं? थंड बाजूला, आवरणाकडं. एसीत ज्या टोकाची काळजीच करावी लागत नव्हती, तिथं डीसीत भर दुपारच्या लोडला सगळ्यात जास्त क्षेत्र येऊ शकतं. उलटी गंगा. म्हणजे एसीचा स्पेसर कितीही सुबक असला तरी त्याची मजबूत बाजू चुकीच्या टोकाला पडते.

आता गॅसचं एक गुपित. गॅस पुरता निर्वीज नसतो. जमिनीतून आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळं त्यात दर घन सेंटिमीटरला दर सेकंदाला थोड्या आयनजोड्या, म्हणजे अधिक-उणे भाराच्या कणांच्या जोड्या, तयार होत राहतात. साध्या हवेत पाच-दहा, दाबलेल्या एसएफ-६ मध्ये त्याहून जास्त. एसीत त्या जागच्या जागी डुलतात आणि बहुतेक एकमेकांत विरून जातात. डीसीत एक जात इकडं, दुसरी जात तिकडं, सरळ रांगेत, आणि क्षेत्ररेषा स्पेसरवर संपत असेल तर तिथंच मुक्काम. गंमत अशी की व्होल्टेज वाढवलं म्हणून हा प्रवाह वाढत नाही. जेवढ्या जोड्या तयार होतील तेवढ्याच येणार. म्हणून गॅसला ओहमचा नियम लावून गणित केलंस तर उत्तर सपशेल चुकेल. प्रोजेक्टमध्ये ही चूक करू नकोस. मी तपासायला असते तर पहिला गोल तिथंच मारला असता. आणखी एक : स्पेसरच्या भोवती गॅसची जागा जितकी मोठी, तितके आयन जास्त. आकारही डीसीपुरता वेगळा लागतो तो यामुळंही. त्यात धातूच्या पृष्ठभागावर बारीक कोच राहिला असेल तर त्याच्या टोकातून सुटणारा भार वेगळाच.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं नाही, राखेतून कळलं. नोकरीच्या सुरुवातीला मी औष्णिक केंद्रातल्या ईएसपीवर होते. धुराड्याच्या आधी राख पकडतात ती यंत्रणा. तारांना उणे कित्येक हजार व्होल्ट डीसी, राखेचे कण भारित होऊन पत्र्यांना चिकटतात आणि हातोडे आपटून ती राख खाली पाडायची. आपल्या देशी कोळशात गंधक कमी, त्यामुळं राख फार रोधक. पत्र्यावरच्या थरातून भार पटकन निघून जात नाही, थरातच साचतो, आणि एक वेळ येते की थर स्वतःच आतून फुटतो. त्याला बॅक कोरोना म्हणतात. मीटरवर करंट वर जातो, व्होल्टेज खाली येतं आणि राख धुराड्यातून निघते. उपाय काय, तर डीसी सलग न देता थांबून-थांबून द्यायची, थराला रिकामं व्हायला सवड द्यायची. जुन्या डबा टीव्हीच्या काचेवर अशाच साचलेल्या भारामुळं किती धूळ बसायची आठवतं का? तुला नसेल आठवत, आईला विचार.

पुढं एका प्रयोगशाळेत दोन महिने होते. स्पेसरवर बरेच दिवस डीसी धरून ठेवली होती. मग बंद केली, कंडक्टरला अर्थिंग केलं, गॅस काढून घेतला, झाकण उघडलं. यात अर्धा दिवस गेला. मीटर शून्य. माझ्या सहकाऱ्यानं बोल्ट सोडायला हात घातला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या घेऊन मागं आला. कंडक्टर मेलेला होता, इपॉक्सी नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच स्पेसरवर झेरॉक्सच्या मशीनची काळी भुकटी हलकेच उडवली. एका बाजूला ढगासारखा डाग उमटला, दुसरीकडं फांद्या फुटलेलं काटेरी फूल. १७७७ साली जर्मनीत गोटिंगेनला गेऑर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग यांना राळेच्या थाळीवर धूळ बसून अशाच आकृत्या दिसल्या होत्या. राळ तीही, राळ हीही. मी त्या फुलाचा फोटो काढला नाही याची हळहळ अजून आहे. त्या खोलीत कॅमेऱ्याला परवानगी नव्हती.

हा साचलेला भार जागेवर असतो तोवर एक वेळ निभतं. घात होतो ते दिशा पालटली की. थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणाऱ्या डीसी लाइनमध्ये करंट एकाच दिशेनं वाहू शकतो, म्हणून वीज उलट न्यायची तर व्होल्टेजच अधिकचं उणे करावं लागतं. महिनाभर अधिक व्होल्टेजखाली बसलेला भार तसाच, वरून व्होल्टेज उणे; जुन्याचं क्षेत्र नव्यात मिळतं आणि जिथं नको तिथं ताण चढतो. चंद्रपूर–पडघे ही आपली ±५०० केव्हीची, ७५२ किलोमीटरची लाइन थायरिस्टरचीच. ती उघड्या तारांची आहे आणि वीज चंद्रपूरहून पश्चिमेला आणायला बांधली, म्हणून तिला हा त्रास नाही. नव्या व्हीएससी पद्धतीत व्होल्टेजचं चिन्ह कायम राहतं, करंट दिशा बदलतो. तमिळनाडूतल्या पुगलूरहून केरळात त्रिशूरला जाणारी लाइन तशी आहे, आणि ती ±३२० केव्हीचीच. तुझ्या पाइपाला असलीच जोडी शोभेल. तरीही त्याच्यावर उलट चिन्हाचा विजेचा लोळ आला तर काय, हा प्रश्न उरतोच.

धातूचा कण राहिला. जोडणीत अॅल्युमिनियमचा चार-पाच मिलिमीटरचा बारीक तुकडा आत राहिला असं धर. तो तळाशी पडून भारित होतो, उभा राहतो, आणि क्षेत्राची ओढ त्याच्या वजनापेक्षा जास्त झाली की उडतो. एसीत दहा मिलिसेकंदांत ओढ उलटते, त्यामुळं तो बहुधा तळाशीच टणाटणा उड्या मारतो. डीसीत तो थेट नळीपर्यंत जातो, भार बदलून परत येतो, परत जातो. नळी उणे असेल तर कधी कधी तिच्याजवळच घिरट्या घालत राहतो, अंधारात मिणमिणतो. संशोधक त्याला काजवा म्हणतात. हा काजवा फिरत-फिरत स्पेसरला जाऊन चिकटला की समज संपलं. म्हणून आवरणाच्या तळाशी खाचा ठेवतात. खाचेत क्षेत्र जवळजवळ नसतं, कण पडला की तिथंच राहतो. आवरणाला आतून रोधक लेपही देतात, म्हणजे कणाला भारच मिळू नये. पहिल्यांदा चालू करताना व्होल्टेज पायरी-पायरीनं चढवतात ते यासाठीच : उडणारे आधीच उडून खाचेत पडोत.

तेव्हा उत्तर असं : पाइप तोच चालेल, गॅस तोच चालेल. स्पेसर नवा लागेल, डीसीचाच विचार करून आकार दिलेला, किंचित जास्त झिरपणाऱ्या साहित्याचा किंवा लेपाचा, म्हणजे भार साचण्याआधी निघून जाईल. किंचितच. जास्त झिरपू दिलं तर तो स्वतः तापतो आणि तापला की आणखी झिरपतो. जपानमध्ये कीई चॅनलच्या जोडणीत ±५०० केव्हीच्या हिशेबानं बनवलेली डीसी गॅस उपकरणं २००० सालापासून ±२५० केव्हीवर चालवली आहेत, तेव्हा हे जमत नाही असं नाही. प्रोजेक्ट घेणार असशील तर कंडक्टिव्हिटीचा आकडा पुस्तकातून उचलू नकोस. नमुना घे, तीन तापमानांना मोज, आणि मोजताना करंट स्थिर होईपर्यंत थांब. तो एका तासिकेत होत नाही, लॅब असिस्टंटशी गोड बोल.

प्रश्न : मॅडम, आमच्या बांधावर हायटेन्शनचा टॉवर हाय. औत वळवायला जागा राहत नाही. तुम्ही म्हन्ता तसं पाइपात घालून जमिनीखालून न्यायला यांचं काय जातं? — एक शेतकरी, गंगाखेड

उत्तर : भाऊ, तुमचा राग रास्त आहे, पण खोटी आशा लावत नाही. असा पाइप जर्मनीत श्लुखजे इथं १९७५ पासून आहे, तो काही शे मीटरचा, डोंगरातल्या बोगद्यात. चीनमध्ये यांगत्से नदीखालून २०१९ मध्ये १००० केव्हीचा टाकला, बोगदा साडेपाच किलोमीटरच्या आसपास. दोन्ही एसीचे, आणि दोन्ही जिथं टॉवर उभा करणं अवघड तिथले. चंद्रपूर–पडघ्याएवढं ७५२ किलोमीटर अंतर धरा. एक तुकडा १५ मीटरचा म्हटला तर एका पोलला, म्हणजे अधिक किंवा उणे बाजूच्या एका पाइपाला, पन्नास हजार जोड, दोन पोलला लाख. प्रत्येक जोड धूळ न जाऊ देता करायचा. मी एका कामावर तंबू ठोकून, आत हवा गाळून जोड करताना बघितलंय. एका पोरानं सुती फडक्यानं नळी पुसली आणि फडक्याच्या तंतूंपायी आमचे दोन दिवस गेले.

दुसरं, अॅल्युमिनियम तापलं की लांबतं. चाळीस अंशांनी तापलं तर किलोमीटरमागं जवळजवळ ९० सेंटिमीटर. वर तुमची काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात फुगणारी; ती पाइपाला कुठं गच्च धरील आणि कुठं सोडील याचा भरवसा नाही. आणि पाइप पुरला म्हणून रान मोकळं होत नाही. त्याच्यावर विहीर नाही, बोअर नाही, झाड नाही. टॉवर निदान दिसतो तरी.

डीसीनं तुमचा एक फायदा होतो : तीनऐवजी तारांचे दोनच जुडगे, त्यामुळं तेवढीच वीज न्यायला पट्टा अरुंद लागतो. मोबदल्याचं मात्र मला विचारू नका, त्यातलं मला तुमच्याइतकंही कळत नाही.

प्रश्न : एसएफ-६ विषारी असतो का? मुलानं मोबाइलवर व्हिडिओ बघितला, एक माणूस तो गॅस ओढून राक्षसासारखा घोगरा बोलतो. मुलगा पॉलिटेक्निकला आहे, करून बघू म्हणतो. — एक आई, माजलगाव

उत्तर : करू देऊ नका. गॅस शुद्ध असेल तर विषारी नाही, वासही नाही, आणि धोका त्यातच आहे. तो हवेच्या पाचपट जड. फुफ्फुसात तळाशी बसतो, ऑक्सिजनची जागा घेतो, माणूस कळायच्या आत कोसळतो. आपल्याकडं जुन्या आडात गाळ काढायला उतरलेला माणूस वर येत नाही आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही येत नाही, तसंच हे. सबस्टेशनच्या केबल खंदकात ऑक्सिजन मोजल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, हा नियम त्यासाठीच.

आणि वापरलेला गॅस तर निराळंच प्रकरण. आत ठिणगी पडून गेली असेल तर त्याची हायड्रोजन फ्लोराइड, सल्फर डायऑक्साइड अशी विषारी पिल्लं होतात, आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. उघडलेल्या टाकीत पांढरी भुकटी दिसली की आम्ही हातमोजे आणि मास्क चढवल्याशिवाय पुढं जात नसू.

तो हवेत सोडायचाही नसतो. एक किलो एसएफ-६ शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे २३,५०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. १९०१ साली पॅरिसमध्ये मोआसाँ आणि लबो यांनी तो पहिल्यांदा तयार केला तेव्हा हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता त्याला पर्याय शोधणं चालू आहे : नायट्रोजनमध्ये मिसळून कमी वापरणं, फ्लुओरोनायट्राइलची मिश्रणं, नुसती कोरडी हवा. मुलाला घोगऱ्या आवाजाऐवजी यातलं काहीतरी वाचायला सांगा. आणि त्या व्हिडिओतला माणूस गॅस बाहेर काढायला पुढं वाकून, डोकं खाली करून उभा राहिला का, ते त्याला बघायला सांगा. राहिला नसेल तर त्यालाही कळत नव्हतं तो काय करतोय.